दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करायचा

नकाशावर दोन विमानतळांमध्ये रेघ ओढायची आणि आलेल्या अंतराला विमानाच्या वेगानं भागायचं, ही पद्धत लांब पल्ल्याच्या उड्डाणांना बऱ्यापैकी चालते. तीनशे-पाचशे किलोमीटरच्या प्रादेशिक मार्गावर मात्र ती सपशेल फसते. इतक्या छोट्या मार्गावर विमान आपल्या पूर्ण वेगानं फार थोडा वेळ उडतं. बाकीचा वेळ उंची घेण्यात, उतरण्यात, धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घेण्यात आणि जमिनीवर सरकण्यात जातो. अंतर काढायला पाच मिनिटं पुरतात, खरी मेहनत वेळेच्या हिशेबात आहे.

उदाहरणासाठी नॉर्वेमधले बर्गन आणि ट्रॉन्डहाइम हे दोन विमानतळ घेऊ. ही जोडी मुद्दाम निवडली आहे. ती इतकी उत्तरेला आहे की अंतराच्या हिशेबातली नेहमीची चूक इथे ठळकपणे दिसते. शिवाय दोन्हीकडच्या धावपट्ट्यांच्या दिशा वेगळ्या असल्यामुळे वाऱ्याचा परिणामही नीट कळतो. रीत मात्र जगातल्या कुठल्याही जोडीला तीच.

आधी विमानतळ नक्की करा

शहराच्या नावावर विसंबू नका, विमानतळाचा कोड बघा. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो: बर्गनचा बीजीओ, ट्रॉन्डहाइमचा टीआरडी. वैमानिक आणि हवाई नियंत्रक चार अक्षरी कोड वापरतात: ईएनबीआर आणि ईएनव्हीए. एकाच नावाची शहरं जगात पुष्कळ आहेत. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसंच अमेरिकेतल्या अलाबामातही आहे, आणि कोड अनुक्रमे बीएचएक्स आणि बीएचएम, म्हणजे फरक एका अक्षराचा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसंच कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही.

दुसरा घोळ शहर आणि विमानतळ एकच मानण्याचा. ट्रॉन्डहाइमचा वॅर्नेस विमानतळ शहराच्या मध्यापासून सरळ रेषेत पंचवीस-एक किलोमीटर पूर्वेला आहे. शोधयंत्रातून शहराचे अक्षांश-रेखांश उचलले, तर हिशेब सुरू होण्याआधीच ही चूक पदरात पडते. ऑस्लोच्या नावानं तिकीट विकलं जाणारा सान्डेफ्योर्डचा टॉर्प विमानतळ तर ऑस्लोपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे.

अक्षांश-रेखांश कुठले आणि कसे घ्यायचे

प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो. तो साधारण धावपट्ट्यांच्या मधोमध धरतात आणि त्या त्या देशाच्या अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिकेत छापतात. मोजायचं ते या बिंदूपासून, टर्मिनलच्या दारापासून नाही.

पुस्तिकेत आकडे अंश, मिनिटं आणि सेकंदांत असतात, हिशेबाला दशांश लागतात. मिनिटांना ६० नं, सेकंदांना ३६०० नं भागायचं आणि अंशांत मिळवायचं. बर्गनचा अक्षांश ६० अंश १७ मिनिटं ३६ सेकंद, म्हणजे ६०.२९३. घाईत तो ६०.१७३६ असा लिहिला जातो. तसं झालं, तर विमानतळ तेरा किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि उत्तर इतकं विश्वासार्ह दिसतं की शंकाही येत नाही. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे चिन्हानं लिहायचे. आधी अक्षांश, मग रेखांश हा क्रमही तपासा, कारण काही नकाशा-प्रणाली तो उलटा देतात.

आपले आकडे असे:
बर्गन: ६०.२९३४ उत्तर, ५.२१८१ पूर्व
ट्रॉन्डहाइम: ६३.४५७८ उत्तर, १०.९२४० पूर्व

अंतर काढण्याच्या दोन रीती

पहिली रीत हातानं करण्याजोगी. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश तेवढा फक्त विषुववृत्तावर असतो, ध्रुवाकडे जावं तसा तो आक्रसत जातो. म्हणून रेखांशांतल्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणावं लागतं.

अक्षांशांतला फरक ३.१६४४ अंश. गुणिले १११.२, म्हणजे उत्तर-दक्षिण ३५१.९ किलोमीटर.
रेखांशांतला फरक ५.७०५९ अंश. मधला अक्षांश ६१.८८, त्याचा कोसाइन ०.४७१४. गुणाकार २.६९ अंश, म्हणजे पूर्व-पश्चिम २९९.१ किलोमीटर.
दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ४६२ किलोमीटर.

कोसाइननं गुणायचं राहिलं तर काय होतं ते करून बघा: उत्तर येतं ७२५ किलोमीटर. विषुववृत्ताजवळच्या दोन विमानतळांना हीच चूक झाकली जाते, म्हणून अनेक घरगुती गणनपत्रकांत (स्प्रेडशीटमध्ये) ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

दुसरी रीत हॅवरसाइन सूत्राची. लांब अंतरांनाही ती बिनचूक चालते आणि गणनपत्रकात एकदा बसवली की काम संपतं. सगळे कोन आधी रेडियनमध्ये करा (अंश गुणिले ०.०१७४५३३). मग:

१. अक्षांशांतल्या फरकाचा निम्मा कोन, त्याचा साइन, त्याचा वर्ग: ०.०००७६२.
२. रेखांशांतल्या फरकाचं तसंच: ०.००२४७७. याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांनी गुणा (०.४९५६ गुणिले ०.४४६९): ०.०००५४९.
३. बेरीज ०.००१३११. तिचं वर्गमूळ ०.०३६२१.
४. त्याचा व्यस्त साइन काढून दुप्पट करा: ०.०७२४३.
५. पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येनं, म्हणजे ६३७१ किलोमीटरनं गुणा: सुमारे ४६१.५ किलोमीटर.

उत्तर हजारो किलोमीटरांत किंवा अगदी विचित्र आलं, तर बहुतेक वेळा रेडियनचं रूपांतर राहिलेलं असतं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८ आणि ध्रुवाशी ६३५७ किलोमीटर आहे. त्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो. इथे तो एक-दोन किलोमीटरचा आहे. वेळेच्या अंदाजाला त्यानं काही बिघडत नाही.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी अंतर नॉटिकल मैलांत घ्या, कारण विमानांचे वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलांत, दिलेले असतात. एक नॉटिकल मैल म्हणजे नेमके १.८५२ किलोमीटर. ४६१.५ भागिले १.८५२ म्हणजे २४९, आपण २५० धरू. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. या दोन मैलांची गल्लत झाली तर उत्तर पंधरा टक्क्यांनी चुकतं. पुढे नुसतं मैल लिहिलंय तिथे नॉटिकल मैल समजा. रस्त्यानं बर्गन ते ट्रॉन्डहाइम सहाशे किलोमीटरच्या पुढे जातं, तेव्हा कुठल्याही पानावरचं अंतर वाचताना ते हवाई की रस्त्याचं, एवढं आधी बघून घ्या.

विमान सरळ रेषेत उडत नाही

२५० नॉटिकल मैल हे कमीत कमी अंतर. प्रत्यक्ष मार्ग त्याहून लांब असतो. निघताना आणि पोहोचताना ठरलेल्या मार्गिका असतात, मध्ये मार्गबिंदू असतात, आणि सगळ्यात मोठा भाग धावपट्टीच्या दिशेचा.

धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचा (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजलेल्या अंशांचा) दहावा भाग. बर्गनची धावपट्टी १७/३५, म्हणजे दक्षिणोत्तर. ट्रॉन्डहाइमची ०९/२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. विमानं वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि उतरतात. आपल्याला ईशान्येला जायचं आहे. बर्गनहून धावपट्टी ३५ वरून उत्तरेकडे उड्डाण झालं तर विमान थोडंसं वळून मार्गाला लागतं. १७ वरून झालं तर आधी दक्षिणेला जाऊन मागे फिरावं लागतं. ट्रॉन्डहाइमला पूर्वेचा वारा असेल तर फ्योर्डवरून (जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावरून) सरळ येऊन धावपट्टी ०९ वर उतरता येतं. पश्चिमेचा असेल तर विमानतळ ओलांडून पूर्वेला जायचं, तिथून वळायचं आणि पश्चिमेकडे तोंड करून २७ वर उतरायचं. एवढ्यानंच दहा ते वीस नॉटिकल मैल वाढतात, आणि तेही कमी वेगातले.

म्हणून छोट्या मार्गावर टक्केवारीनं वाढ धरण्यापेक्षा ठोक आकडा धरलेला बरा. मार्ग दीडशे मैलांचा असो की चारशेचा, दोन टोकांची वळणं साधारण तेवढीच राहतात. आपण २० नॉटिकल मैल वाढवू: एकूण २७०.

वेळ टप्प्याटप्प्यानं मांडा

एटीआर ७२ हे प्रादेशिक मार्गांवरचं नेहमीचं टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर पंखे फिरवणारं) विमान घेऊ. त्याचा क्रूझचा, म्हणजे ठरलेली उंची गाठल्यावर स्थिर उडण्याचा, वेग सुमारे २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. हा वेग हवेच्या तुलनेतला आणि पूर्ण उंचीवरचा आहे. उंची घेताना विमान वेगमापकावर साधारण १७० नॉट ठेवतं. हवा विरळ होत जाते तसा खरा वेग दर हजार फुटांना सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो, तरी संपूर्ण चढणीची सरासरी २१० नॉटच्या आसपासच राहते.

आधी वारा नाही असं धरून:

उंची घेणं: २०,००० फुटांपर्यंत १७ मिनिटं, तेवढ्यात ६० नॉटिकल मैल.
उतरणं: हजार फुटांना तीन मैल हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. वीस हजार फुटांना ६० मैल. सरासरी २४० नॉटनं १५ मिनिटं.
क्रूझ: उरले २७० वजा १२०, म्हणजे १५० मैल. २७५ नॉटनं ३३ मिनिटं.

हवेतला वेळ ६५ मिनिटं. निव्वळ भागाकारानं (४६२ भागिले ५१०) ५४ मिनिटं आली असती. फरक अकरा मिनिटांचा, आणि जमिनीवरचा वेळ अजून धरलेलाही नाही.

आता तोच मार्ग जेटनं. क्रूझचा वेग ४५० नॉट, म्हणजे टर्बोप्रॉपपेक्षा साठ टक्क्यांहून जास्त. पण ३०,००० फुटांवर चढायला १५ मिनिटं आणि ८५ मैल लागतात. उतरायला ९० मैल, वर वेग कमी करायला आणखी पाच, असे ९५ मैल आणि १८ मिनिटं. क्रूझला उरतात जेमतेम ९० मैल, म्हणजे १२ मिनिटं. एकूण ४५. इतक्या वेगवान विमानानं वाचवलेली मिनिटं वीस. अंतर दीडशे मैलांवर आलं तर हा फरक आणखी आटतो. छोट्या मार्गांवर टर्बोप्रॉप का टिकून आहेत, याचं एक मोठं कारण इथेच दिसतं. त्यातच ती इंधनही कमी जाळतात.

अंतर फारच कमी झालं की सूत्र सोडूनच द्यावं लागतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण तीन किलोमीटरपेक्षाही कमी अंतराचं आहे आणि वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली असतात. तिथे क्रूझ असा टप्पाच नाही.

वारा

हवामान अहवालात वाऱ्याची जी दिशा देतात ती वारा जिकडून येतो ती. हे विसरलं की मदत करणारा वारा अडवणारा ठरतो आणि सगळा हिशेब उलटा होतो. समजा क्रूझच्या उंचीवर २५० अंशांवरून ५० नॉटचा वारा आहे. म्हणजे तो ७० अंशांकडे वाहतो. आपला मार्ग सरासरी ४० अंशांचा, दोन दिशांमधला कोन ३० अंश. मार्गाच्या दिशेनं मिळणारी मदत ५० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे ४३ नॉट. आडवा वारा ५० गुणिले साइन ३०, म्हणजे २५ नॉट. आडव्या वाऱ्याशी जुळवून नाक थोडं वळवावं लागतं, त्यात जेमतेम एक नॉट जातो.

जाताना जमिनीच्या तुलनेतला वेग ३१७ नॉट, येताना २३१.

एक बारकावा इथे बहुतेक हिशेबांत सुटतो. वाऱ्यामुळे चढणीला लागणारा वेळ बदलत नाही, कारण इंजिनं विमानाला हवेतच वर नेतात. बदलतं ते त्या वेळात कापलेलं अंतर. खालच्या थरांत सरासरी २० नॉटचा वारा धरला, तर जाताना १७ मिनिटांच्या चढणीत ६५ मैल सरतात, येताना ५४. उतरताना १५ मिनिटांत अनुक्रमे ६५ आणि ५५. क्रूझला जाताना १४० मैल उरतात, येताना १६१.

जाताना: १७ अधिक १५ अधिक २६.५, म्हणजे सुमारे ५८ मिनिटं.
येताना: १७ अधिक १५ अधिक ४२, म्हणजे ७४ मिनिटं.

एकाच मार्गावर, एकाच विमानाला, एकाच दिवशी सोळा मिनिटांचा फरक. दोन्हींची सरासरी ६६ येते, ६५ नाही. जाताना वाचलेला वेळ येताना गेलेल्या वेळेची भरपाई कधीच पूर्ण करत नाही, कारण अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. तोच वारा जेटला कमी भोवतो, पण जेट जिथे उडतं त्या उंचीवर वारे बहुधा अधिक जोराचे असतात. मध्यम अक्षांशांवर हिवाळ्यात ते आणखी वाढतात.

जमिनीवरची मिनिटं

वेळापत्रकात छापलेला वेळ हवेतला नसतो. विमान गेटवरून हललं तिथून ते दुसऱ्या गेटवर थांबलं तिथपर्यंतचा तो ब्लॉक टाइम. मध्यम विमानतळावर निघताना ९ मिनिटं आणि पोहोचल्यावर ४ मिनिटं टॅक्सीला, म्हणजे जमिनीवर सरकायला, धरली, तर वारा नसताना एटीआरचा ब्लॉक टाइम ७८ मिनिटं येतो, जेटचा ५८.

यावर कंपन्या थोडी राखीव मिनिटं चढवतात. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरण्याची पद्धत विमानसेवांत रूढ आहे, आणि वेळापत्रक त्याही पुढे सैल ठेवलं की आकडेवारी चांगली दिसते. वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोहोचतं त्यामागे बहुधा हीच राखीव मिनिटं असतात.

बर्फ काढण्याची फवारणी गेट सोडल्यावर होत असेल तर दहा-वीस मिनिटं सहज वाढतात. युरोपात गर्दीच्या वेळी उड्डाणाला ठरावीक वेळ नेमून दिली जाते. तिच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत उडायचं असतं, ते चुकलं की नवी वेळ मागावी लागते.

वेळापत्रकातले दोन्ही आकडे स्थानिक वेळेचे असतात. दोन विमानतळ वेगळ्या कालक्षेत्रांत असतील, तर आधी दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, बदला, मगच वजाबाकी करा. १४:१० ला निघून १४:२५ ला पोहोचणारं पश्चिमेकडचं उड्डाण पंधरा मिनिटांचं नसतं. मध्ये एका तासाचं कालक्षेत्र असेल तर ते ७५ मिनिटांचं असतं.

आलेलं उत्तर पडताळून घ्या

उड्डाणांचा माग दाखवणारी संकेतस्थळं विमानानं स्वतः प्रसारित केलेली स्थिती वापरतात. तिथे त्याच मार्गाची मागच्या दहा-पंधरा दिवसांची उड्डाणं उघडा. प्रत्येकाच्या चार वेळा शोधा: गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेट गाठलं. हवेतल्या वेळेची तुलना मधल्या दोन वेळांशी करायची. बऱ्याच जणांची गफलत इथे होते: ते हवेतला वेळ काढतात आणि वेळापत्रकाशी ताडून बघतात.

सरासरीपेक्षा मधला आकडा (सगळे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, एखादं रखडलेलं उड्डाण सरासरी बिघडवतं. विमानाचा प्रकारही तपासा. एकाच उड्डाण क्रमांकावर सोमवारी जेट आणि मंगळवारी टर्बोप्रॉप असू शकतं. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि त्यासोबत छापलेला ब्लॉक टाइमही बदलू शकतो. तुमचं उत्तर मधल्या आकड्यापासून पाच-सात मिनिटांत असेल तर हिशेब ठीक आहे. पंधराच्या वर गेलं तर आधी धावपट्टीची दिशा आणि वारा पुन्हा बघा.

थेट उड्डाण नसेल तर

प्रादेशिक विमानतळांच्या पुष्कळ जोड्यांमध्ये थेट सेवा नसते, किंवा आठवड्यातले काहीच दिवस असते. मग अंतर दोन तुकड्यांत मोजावं लागतं. बर्गन ते ऑस्लोचा गार्डरमोएन सुमारे ३२५ किलोमीटर, तिथून ट्रॉन्डहाइम ३६३. बेरीज ६८८, म्हणजे थेट अंतराच्या जवळजवळ दीडपट. वेळ त्याहून जास्त वाढतो, कारण चढणं, उतरणं आणि टॅक्सी हे सगळं दोनदा होतं. प्रत्येकी तासाभराचे दोन ब्लॉक आणि मध्ये तासभर धरला तरी तीन तास होतात.

मधला वेळ ठरवताना प्रत्येक विमानतळाची जाहीर केलेली किमान जोडवेळ, म्हणजे एका विमानातून दुसऱ्यात जायला लागणारा कमीत कमी वेळ, बघा. ती पाळली गेली आणि दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असली, तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढच्या उड्डाणात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर ती जबाबदारी प्रवाशाची. सामान बाहेर घेऊन पुन्हा जमा करावं लागतं आणि सामान स्वीकारणं उड्डाणाच्या बरंच आधी बंद होतं. अशा वेळी दोन ते अडीच तास मध्ये ठेवा. शेवटच्या टप्प्यावर दिवसाला एकच उड्डाण असेल, तर सकाळचा पहिला टप्पा निवडा.